गोंधळ आणि उपस्थितीचा प्रश्न

जानेवारी २०२० मध्ये धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पुढे अडीच महिन्यांच्या आतच नाट्यगृहांची आणि चर्चची दारे बंद झाली. मिस्सा आपण मोबाईलच्या पडद्यावर पाहिली. समोर असणे म्हणजे नेमके काय, हा नाट्याभ्यासकांचा जुना वाद त्या दिवसांत आपल्या घरात येऊन बसला.

पेगी फेलन यांनी १९९३ च्या 'अनमार्क्ड' या ग्रंथात असे मांडले की, प्रयोगाचे आयुष्य केवळ वर्तमानात असते. त्याचे मुद्रण झाले की ते दुसरेच काही होते. फिलिप ऑसलँडर यांनी १९९९ च्या 'लाइव्हनेस'मध्ये उलट सवाल केला. मुद्रणाचे तंत्र येण्यापूर्वी 'प्रत्यक्ष प्रयोग' अशी वेगळी कल्पना तरी कोठे होती? दोघांचेही म्हणणे वजनदार आहे. परंतु दोघांच्याही नजरेसमोर मुख्यतः नट आणि प्रेक्षक हे दोनच पक्ष आहेत. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ या हिशेबात बसत नाही, असे मला वाटते.

पाटावर नवे वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, मध्ये कलश, भोवती ज्वारीची किंवा उसाची पाच ताटे, शेजारी पेटती दिवटी. संबळ आणि तुणतुणे सुरू झाले तरी गोंधळी आख्यानाला एकदम हात घालीत नाही. आधी तो गावोगावच्या दैवतांना त्यांच्या ठिकाणांसह नावे घेऊन बोलावतो. उपस्थिती येथे गृहीत धरलेली नाही. ती आवाहनाने मिळवावी लागते. यजमानही तिकीट काढून आलेला नसतो. लग्नानंतरचा कुळाचार पुरा करण्यासाठी त्याने गोंधळ घातलेला असतो. साथीदार मध्येच नाईकाला भलता प्रश्न विचारून मंडळींना हसवतो, पोरे झोपी जातात, आत कोणी चहा टाकते. तरी गोंधळ मोडत नाही. नाट्यगृहात एवढ्याने रसभंग झाला असता!

शाहीर विठ्ठल उमप यांनी 'जांभूळ आख्याना'तून गोंधळाचा बाज रंगमंचावर आणला. त्यांच्या आवाजाची झेप विलक्षण होती, आणि फेलन म्हणतात तो वर्तमान क्षण तेथे पुरेपूर होता. हरवले ते यजमानाचे देणे. रंगमंचावरील दिव्यांपुढे दिवटीही शोभेची ठरते.

आपल्याकडे रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे यांनी दैवतांची व लोकरंगभूमीची पाळेमुळे मोठ्या कष्टाने शोधली. त्या पायावर पुढचा अभ्यास यजमानाच्या ओसरीवरून व्हावयास हवा: त्या रात्री कोणाला बोलावले, कोण आले, कोणाची वाट पाहिली गेली, आणि पहाटेच्या आरतीपर्यंत कोण जागे राहिले.