तसबिरींची ओळ

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला आलो, तेव्हा माझ्या पिशवीत चार पुस्तके आणि एक जाडजूड बाड होते. पुस्तके पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीविषयी आणि तिच्या फर्ग्युसन कॉलेजविषयी. बाड वऱ्हाडातल्या एका महाविद्यालयाच्या स्मरणिकेचे. त्या महाविद्यालयात माझी सारी उमेद गेली. संस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले होते आणि तो मी रुळलेल्या रीतीनेच लिहिला होता: एकेका प्राचार्याला एकेक प्रकरण, आणि प्रकरणाच्या तोंडी त्याची तसबीर. धुक्यात बसून बाडावरून शेवटचा हात फिरवावा, एवढाच बेत होता. बरोबरच्या पुस्तकांनी तो मोडला.

स्मरणिका आणि गौरवग्रंथ हा आपल्याकडे भरघोस पिकणारा वाङ्मयप्रकार आहे. पण त्याच्याकडे टीकाकार कधी वळत नाही. त्यात प्रत्येक प्राचार्य विद्याव्यासंगी असतो, शिस्तप्रिय असतो, बाहेरून कठोर पण आतून मृदू असतो. त्याच्या कारकिर्दीत इमारतीवर एक मजला चढतो. मग तो निवृत्त होतो आणि पुढच्या पानावर दुसरा येतो. कोणी कोणाशी भांडत नाही, कोणी कोणाला जायला लावत नाही. अशा इतिहासाला खोटा म्हणता येणार नाही. त्यात लिहिलेले बहुधा खरेच असते. पण तो वाचून संस्था कशी चालली हे मात्र कळत नाही.

फर्ग्युसनच्या पहिल्या चार प्राचार्यांकडे याच दृष्टीने पाहावे. १८८५ साली कॉलेज निघाले तेव्हा प्राचार्यपद वामन शिवराम आपट्यांकडे आले. त्यांच्यामागून १८९२ मध्ये गोपाळ गणेश आगरकर, १८९५ मध्ये महादेव शिवराम गोळे आणि १९०२ मध्ये रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. तसबिरी लावायला चारही नावे उत्तम. पण या सतरा वर्षांतली सर्वांत मोठी घटना यांपैकी कोणाच्याच नावाने ओळखली जात नाही. ती घटना म्हणजे १८९० च्या अखेरीस लोकमान्य टिळकांनी सोसायटीचा दिलेला राजीनामा.

हा प्रसंग आपण टिळक आणि आगरकर या दोन मित्रांच्या ताटातुटीची करुणकथा म्हणून वाचत आलो. ती करुण आहेच. मात्र त्या वाचनात वादाचा विषय हरवतो. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवेची शपथ घेत आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर काम करीत. अशा माणसाचा सारा वेळ संस्थेचा की शिकवून उरलेला वेळ त्याचा स्वतःचा? टिळकांचे म्हणणे, सारा वेळ संस्थेचा. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा ठिणगी पडली. टिळकांचा स्वतःचा हात 'केसरी'त होताच, हे प्रतिपक्षाला दिसत नव्हते असे नाही. दोन्ही बाजूंना काहीतरी खरे होते. म्हणूनच तो वाद थोर आहे आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेत आजही तो जिवंत आहे.

आता हा प्रश्न हाती धरून पुन्हा त्या चार तसबिरींसमोर उभे राहा. त्या बोलू लागतात. १८९० साली प्राचार्याच्या खुर्चीवर आपटे होते, हे किती जणांच्या ध्यानात आहे? त्याच वर्षी त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, आणि १८९२ च्या ऑगस्टमध्ये, उण्यापुऱ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. भोवती संस्था दुभंगत असताना शब्द वेचीत बसलेल्या या माणसाचे चरित्र त्या वादावरचे एक उत्तर आहे. त्यांच्यानंतर आलेल्या आगरकरांचे उत्तर अगदी वेगळे. प्राचार्य असताना ते 'सुधारक'ही चालवीत होते. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहणारा हा माणूस अडतिसाव्या वर्षी संपला. त्यांच्या तसबिरीपाशी आम्हां वऱ्हाडकरांनी अंमळ थांबावे. टेंभूच्या या गरीब मुलाने १८७५ मध्ये मॅट्रिक केले ते अकोल्याहून, आणि विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या गुरूचा आधार त्याला मिळाला तोही अकोल्यातच. फर्ग्युसनचा एक प्राचार्य आमच्या मातीत घडला, ही गोष्ट आमच्या स्मरणिकांत क्वचितच येते.

गोळ्यांना तर आपण विसरूनच गेलो. 'ब्राह्मण आणि त्यांची विद्या' लिहिणाऱ्या या प्राचार्याच्या वाट्याला पुण्यातल्या प्लेगची वर्षे आली. त्या दिवसांत कॉलेज टिकून राहिले, हीच मोठी कामगिरी होती. पण टिकवण्याच्या कामाची कथा होत नाही, आणि चरित्रकारांना कथा हवी असते. मग परांजपे आले, सव्विसाव्या वर्षी, केंब्रिजचा मान आणि बाहेरची मोठी प्राप्ती बाजूला ठेवून. त्यांनी सुमारे दोन दशके कॉलेज सांभाळले, कायदेमंडळात बसले आणि १९२१ साली मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्रीही झाले. ज्या प्रश्नावर टिळक बाहेर पडले, त्या प्रश्नाचा निकाल संस्थेने आपल्या वागणुकीने कसा लावला, हे यावरून उघड आहे. तो निकाल बरोबर की चूक, यावर मतभेद होतील. माझे मत विचाराल तर परांजप्यांनी कॉलेजला बाहेरचे जग दिले. पण टिळकांना वाटणारी भीती त्यामुळे निराधार ठरली असे मी म्हणणार नाही. प्राचार्य सभासंमेलनांत आणि वर्गावर कोणीच नाही, असे चित्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अमेरिकेतले हार्वर्ड १६३६ सालचे. तिथल्या इतिहासाची सुरुवात लाजिरवाण्या गोष्टीने होते: पहिला प्रमुख नथॅनिएल ईटन याला मारहाणीवरून १६३९ मध्ये काढून टाकावे लागले. त्यानंतरच्या हेन्री डन्स्टरने कॉलेजला आकार दिला. पण बालकांच्या बाप्तिस्म्याविषयीचे आपले मत सोडायला तो तयार नव्हता, म्हणून १६५४ मध्ये त्यालाही जावे लागले. पुढे चार्ल्स एलियट तब्बल चाळीस वर्षे, १८६९ ते १९०९, त्या पदावर राहिले आणि विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक त्यांनीच रुजवली. हे सारे तिथे लिहून ठेवलेले आहे, आणि ज्याला जावे लागले त्या डन्स्टरचे नाव विसाव्या शतकात विद्यार्थ्यांच्या एका निवासाला दिले गेले. तिथली माणसे आपल्यापेक्षा मोठ्या मनाची आहेत असे मला सुचवायचे नाही. भांडणाचा कागद जपून ठेवला की कधीतरी न्याय करता येतो, एवढेच.

इथवर लिहिले आणि बाड उघडले. आमच्या महाविद्यालयात एक प्राचार्य दोनच वर्षे होते. प्रवेश गुणांवर द्यायचे, चिठ्ठीवर नाही, असा त्यांचा हट्ट. चालकांना तो मानवला नाही. त्यांनी जावे असा ठराव अध्यापकांच्या सभेत आला तेव्हा जे हात वर झाले, त्यांत माझाही होता. घरी दोन मुले होती, नोकरी कायम व्हायची होती. ही कारणे त्या वेळी पुरेशी वाटली. त्या दोन वर्षांसाठी माझ्या बाडात एकच वाक्य होते: "मधल्या काळात काही अडचणी उद्भवल्या." तसबीर नव्हती.

निघण्यापूर्वी समितीतल्या एका मित्राला हे दाखवले होते. तो म्हणाला, "जाऊ द्या ना सर, कायले जुनं उकरता?" त्याचे म्हणणे तेव्हा मला शहाणपणाचे वाटले होते.

काल गाविलगडावर जाऊन आलो. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड घेतला, आणि भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. जिंकणाऱ्यांनीच लिहिलेल्या इतिहासात त्या हरलेल्या किल्लेदाराचे नाव राहिले. माझ्या इतिहासात मात्र आमच्या प्राचार्यांचे नाव नव्हते.

रात्री ते वाक्य खोडले. त्या जागी चार पाने लिहिली आहेत: सभेची तारीख, ठरावाचा आशय, त्यांचे म्हणणे, आमचे म्हणणे आणि वर झालेल्या हातांत एक लेखकाचा होता ही नोंद. समिती ती पाने छापील की नाही, सांगता येत नाही. न छापल्यास बाकीच्या प्रकरणांवर माझे नाव घालू नये, असे पत्र सोबत जोडले आहे. तसबीर मिळवायची राहिली आहे. त्यांच्या घरचा पत्ता आम्हांपैकी कोणीच जपून ठेवलेला नाही.