अनुशेष आणि अप-डाऊन

शासकीय समित्यांचे अहवाल ही काही टीकाकाराने हात घालावयाची वस्तू नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या ग्रंथाने लोकांच्या तोंडी एक नवा शब्द बसविला, तो ग्रंथ आपण वाचू नये तर कोणी वाचावा? प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि ‘अनुशेष’ हा कोशातला शब्द विदर्भात पानठेल्यापर्यंत पोचला. एखाद्या कवीलाही हेवा वाटावा असे हे यश आहे.

दांडेकरांचा अहवाल मला फार आवडतो, हे आधी सांगून टाकतो. मी शाळामास्तर, अर्थशास्त्राशी माझा संबंध महिनाअखेरीपुरता. तरीही तो अहवाल समजतो, कारण त्यातला विचार निर्मळ आहे. १९५३च्या नागपूर करारात खर्च, नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षण यांत विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन होते. वचन गोड, पण मोजमाप कशाने करावयाचे? दांडेकरांनी रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रे घेतली, प्रत्येकात राज्याची सरासरी काढली, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याला वर आणण्यास किती पैसे लागतील ते मांडले. एकूण बेरीज सुमारे ३,१८७ कोटींची; त्यांत विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांचा. तक्रारीचे बिल झाले. वाण्याच्या वहीत उधारी लिहिली गेली की भांडणाला तोंड फुटते खरे, पण निदान भांडण कशाविषयी आहे ते तरी कळते.

आता खोट कुठे आहे ती पाहू. या हिशेबात जे येते ते सारे सरकारने बांधावयाचे असते. शाळा येते, मास्तर कुठे राहतो ते येत नाही. दवाखान्याच्या खाटा येतात, डॉक्टरांची मुले कोणत्या गावी शिकतात ते येत नाही. कादंबरीकाराला ही उणीव प्रथम डोळ्यांत भरते, कारण त्याचे सारे भांडवल इथेच असते.

भंडारा हे जिल्ह्याचे ठिकाण. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती ९२ हजारांच्या आत. जिल्ह्यात बारा लाख माणसे, आणि शहरांत राहणारी शेकडा साडेएकोणीस; राज्यात तेव्हा हे प्रमाण पंचेचाळीसच्या वर होते. (२०२१ची जनगणना झालीच नाही, म्हणून जुन्याच आकड्यांवर भागवावे लागते.) रेल्वे शहराला टाळून वरठीवरून जाते. मात्र नागपूर हमरस्त्याने साठ किलोमीटरच्या आसपास. हे अंतर फार वाईट. अधिक असते तर माणसे इथे राहिली असती. कमी असते तर हे नागपूरचे उपनगर झाले असते. साठ किलोमीटर म्हणजे रोज जाऊन येण्याजोगे. आमच्याकडे त्याला ‘अप-डाऊन’ म्हणतात. सकाळी एस.टी.तून आणि गाड्यांतून साहेब, बाबू, प्राध्यापक उतरतात. संध्याकाळी तीच मंडळी परततात. पद भंडाऱ्याचे, पगार भंडाऱ्याच्या नावे. किराणा, घराचा हप्ता, मुलांची शिकवणी आणि रविवारचे नाटक नागपूरचे. अनुशेषाच्या वहीत मात्र पद भरले, म्हणजे भरले.

यात माणसांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. सरकारचे आपलेच गणित पाहा ना! घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केलेले आहेत: पन्नास लाखांवरची, पाच लाखांवरची आणि उरलेली. पुणे पहिल्यात, नागपूर दुसऱ्यात, आणि भंडारा ‘उरलेल्यां’त. तिथे भाडी कमी, म्हणून भत्ता कमी. हिशेब चोख आहे. पण एका हाताने अनुशेष भरावा आणि दुसऱ्या हाताने लहान शहरात राहणाऱ्याच्या पगारातून थोडे कमी करावे, ही शासनाची दोन खाती एकमेकांशी बोललेली दिसत नाहीत.

मग मध्यमवर्ग मोजणारे संशोधक काय करतात? दिल्लीच्या राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २००१-०२च्या किमतींनुसार वर्षाला दोन ते दहा लाख मिळविणारे कुटुंब मध्यमवर्गीय मानले. पुढे दुसऱ्या एका संस्थेने २०२०-२१च्या किमतींनुसार पाच ते तीस लाख ही चाळणी घेतली. देशभराचा अंदाज बांधावयास ती ठीक आहे. पण तुमसरचा धानाचा अडत्या, आयुध निर्माणीतला कामगार आणि पवनीतली शिक्षिका एकाच चाळणीतून खाली पडतात, आणि त्यांच्यातला कोण गावात टिकणार व कोण दोन वर्षांत सामान बांधणार, हे चाळणी सांगत नाही. लहान शहराला नेमके तेच हवे असते. वाचनालयाची वर्गणी टिकणाराच भरतो. नगरपालिकेच्या नळाला पाणी आले नाही तर जाबही तोच विचारतो.

हे काम अशक्य आहे काय? मुळीच नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेत १९३६-३७ साली पुणे शहराची पाहणी आरंभिली; घरोघर माणसे पाठवून उत्पन्न, भाडे, धंदा विचारला, आणि १९४५ व १९५२ साली तिचे दोन भाग छापले. पुढे दांडेकरही त्याच संस्थेचे संचालक झाले. म्हणजे शहर घराच्या उंबऱ्यावरून पाहण्याची विद्या आणि जिल्हा सरासरीवरून पाहण्याची विद्या एकाच वास्तूतली. पहिली पुण्याच्या वाट्याला आली, दुसरी आमच्या. गाडगीळ स्वतः नागपूरच्या शाळेत शिकलेले, हे आठवले की गंमत वाटते.

विजय केळकर समितीचा अहवाल २०१३चा. जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरावा, हा तिचा आग्रह योग्य दिशेचा आहे. तरी तुमसर तालुक्यात तुमसरची बाजारपेठ आहे आणि चिखला-डोंगरीच्या मँगनीज खाणींजवळची सातपुड्याच्या पायथ्याची गावेही आहेत. दोहोंची सरासरी काढली तर जे गाव निघेल ते नकाशावर कुठेच नाही. शिवाय अहवाल विधिमंडळापुढे आला डिसेंबर २०१४मध्ये, आणि ज्या वैधानिक विकास मंडळांनी या साऱ्यावर लक्ष ठेवावयाचे त्यांचीच मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. असो.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडार होते, रात्रभर नाटके चालतात, लेकी माहेरी येतात, आणि पुण्या-नागपूरला गेलेले पोरगे चार दिवस ओसरीवर दिसतात. कोणा संशोधन संस्थेला या जिल्ह्याचा मध्यमवर्ग मोजावयाचा असेल, तर तिने आपली माणसे त्याच आठवड्यात पाठवावीत. प्रश्नावली लांबलचक नको. पगार कुठल्या गावी मिळतो, किराणा कुठल्या गावी भरता, आणि म्हातारपणी राहावयाचे कुठे ठरविले आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. चहा आम्ही पाजू.