परक्या आखाड्यातले पाहुणे

आमच्या शाळेत एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो. हा बदलीचा तास म्हणजे काय चीज आहे, ते मास्तरकी केल्याखेरीज कळावयाचे नाही. स्वतःच्या वर्गात आपण नुसते खाकरलो तरी पुरते. परक्या वर्गात तोच खाकरा ऐकून मुले एकमेकांना कोपरखळ्या मारतात. गेल्या वर्षी मी असाच सातवीवर भूगोलाच्या तासाला गेलो. नकाशा उलगडून तो सुलटा आहे की उलटा हे पाहतो आहे, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, टीव्हीवरची कुस्ती खरी असते की खोटी?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि “उद्या सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी भूगोलाचे शिक्षक हजर झाले, आणि उत्तर माझ्याकडेच राहून गेले. संपादकांचे लेखासाठी पत्र आले तेव्हा म्हटले, हे देणे आता फेडून टाकावे. वाचकांनीही शेवचकलीबरोबर थोडी लाल माती चालवून घ्यावी.

त्या मुलाने विचारले ते धंदेवाईक कुस्तीबद्दल. अमेरिका, मेक्सिको, जपान या देशांत तिच्या कंपन्या असतात. कंपनी हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण आपल्या जुन्या नाटक कंपन्यांशी त्यांचे फार साम्य आहे. मालक एक, संच ठरलेला, नायक आणि खलनायक ठरलेले. कोणी कोणत्या गावी हरावयाचे, हेही बहुधा आधी ठरलेले. आपल्या वडीलधाऱ्यांनी मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ज्या ‘फ्री-स्टाइल’ लढती पाहिल्या, त्या याच गोत्रातल्या.

या कुस्तीचा इतिहास लिहिणारे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत. कोणाकडे पट्टा किती दिवस होता, हे ते तोंडपाठ सांगतात. परंतु एखादा मल्ल आपला संच सोडून एका रात्रीपुरता, फार तर चार दिवसांपुरता, भलत्याच आखाड्यात जाऊन आला, की त्याची नोंद गमतीजमतीच्या सदरात होते. माझी तक्रार आहे ती इथे. घरच्या आखाड्यात मल्लाला सगळेच सांभाळून घेतात. प्रतिस्पर्धी तर सर्वांत जास्त. परक्या आखाड्यात त्याचे नाव चालत नाही आणि सवयही चालत नाही. अशा वेळी तो काय करतो, हेच पाहण्यासारखे असते.

आपण मराठी माणसांनी नाटकाच्या बाबतीत हे ओळखले आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले; एकाच रंगमंचावर गंधर्व मंडळींचे बालगंधर्व भामिनी झाले, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या एका प्रयोगाची आठवण आपण शंभर वर्षे जपली. कुस्तीतल्या अशा रात्री मात्र धूळ खात पडल्या आहेत. त्यांतल्या काही झटकून पाहू.

सुरुवात हलक्या प्रसंगाने करतो. मेक्सिकोचा मिल मास्करास, म्हणजे ‘हजार मुखवटे’, हा त्या देशातला मोठा नामांकित मल्ल. वयाच्या पन्नाशीनंतर, १९ जानेवारी १९९७ रोजी, अमेरिकेतील सॅन अँटोनिओ शहरी एका बड्या अमेरिकन कंपनीच्या दंगलीत तो पाहुणा म्हणून उतरला. या दंगलीचा नियम सोपा असतो. तीस मल्ल एकामागून एक रिंगणात यावयाचे. ज्याला वरच्या दोरावरून बाहेर फेकले आणि ज्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले, तो बाद. मास्करासने आपल्या देशबंधूला, पिएरोथला, बाहेर काढले. मग स्वतः दोरावर चढला आणि पक्ष्यासारखी झेप घेऊन बाहेर उभ्या असलेल्या त्याच पिएरोथच्या अंगावर जाऊन पडला. नियमाप्रमाणे तोही बाद! स्वतःच स्वतःला बाद करणारा मल्ल म्हणून लोक आजही त्याला हसतात.

मला हसू येत नाही. रिंगणातून बाहेर उडी घेणे ही मेक्सिकन कुस्तीतली सर्वांत देखणी गोष्ट. तिथे त्या उडीला टाळ्या पडतात. आपल्याकडे ‘शिक्षा’ म्हटले की छडी आठवते आणि हिंदीत तोच शब्द शाळेच्या दारावर मानाने लिहिलेला असतो, तसाच हा प्रकार. मास्करासने आपल्या भाषेतला उत्तम शब्द उच्चारला. ऐकणाऱ्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मी हरलो’ असा होता. नियम त्याला ठाऊक नव्हता की ठाऊक असून त्याने तो जुमानला नाही, या वादात मी पडत नाही. समीक्षक म्हणून एवढेच म्हणेन, की त्या रात्री तीस जणांत आपल्या घराण्याची गायकी गायला तो एकटाच.

आता जरा गंभीर प्रकरणाकडे वळू. १९१० साली गामा आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष लंडनला गेले. तिथली कुस्ती त्या काळी नाटकगृहांच्या आश्रयाने, तिकिटे लावून चालत असे. गामा उंचीने कमी पडतो म्हणून त्याला स्पर्धेत घेतले नाही, असे सांगतात. मग त्याने उघड आव्हान दिले, अमेरिकेच्या डॉ. रोलरला चीत केले, आणि १० सप्टेंबर रोजी शेफर्ड्स बुशच्या स्टेडियमवर त्याची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी पडली. म्हणजे दोघेही पाहुणे, आणि आखाडा तिसऱ्याचा.

झिबिस्को वजनाने गामाहून बराच भारी. पण गामाचा पहिला जोर लागताच त्याने गादीवर पालथे पडून घेतले आणि अडीच तासांहून अधिक वेळ तो बहुतेक तसाच राहिला. पालथ्या माणसाची पाठ लागत नाही; म्हणून तो हरला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ती पुन्हा लावण्याचे ठरले, तेव्हा झिबिस्को आलाच नाही, आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला.

आपल्याकडचे लेखक इथे झिबिस्कोला भित्रा ठरवून मोकळे होतात. मला तो निकाल घाईचा वाटतो. झिबिस्को ज्या ग्रीको-रोमन पद्धतीत वाढला, तीत जमिनीला बिलगून बचाव करणे ही मान्य विद्या आहे. त्याने नियम मोडला नाही. परंतु प्रेक्षक नियम पाहावयास आले नव्हते, कुस्ती पाहावयास आले होते. परीक्षेत एकही चूक होऊ नये म्हणून कोरा पेपर देणारा विद्यार्थी मी पाहिला आहे. त्याचे काही चुकलेले नसते, पण त्याला गुण कशाचे द्यावयाचे?

या झिबिस्कोचे पुढचे चरित्र पाहिले की माणूस किती गुंतागुंतीचा असतो ते कळते. १९२५ साली अमेरिकेत वेन मुन नावाच्या फुटबॉलपटूला एका कंपनीने जगज्जेता बनवले होते. दिसायला धिप्पाड, कुस्ती बेताची. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात झिबिस्कोने त्याच्यापुढे हरावे असे ठरले होते. झिबिस्कोने ऐन वेळी शब्द फिरवला आणि खरीखुरी कुस्ती करून मुनला पुन्हा पुन्हा पाडले. त्या रात्री कुस्ती खरी होती आणि शब्द खोटा. सातवीतल्या त्या मुलाचा प्रश्न किती अवघड आहे, हे मला इथे प्रथम जाणवले.

आणि मग १९२८ चा जानेवारी. पन्नाशीकडे झुकलेला झिबिस्को पतियाळास आला. महाराजा भूपिंदरसिंगांचा आश्रय, गामाचे घरचे मैदान, सगळा जमाव गामाचा. कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली, झिबिस्को चीत. पाश्चात्त्य याद्यांत ही लढत अर्ध्या ओळीत आटोपते. बिदागीचा मोह असेलही; कुणाला नसतो? पण लंडनला जो दुसऱ्या आठवड्यात आला नाही, तो अठरा वर्षांनी परक्याच्या दारी येऊन उभा राहिला. १९१० च्या त्या अडीच तासांपेक्षा मला हे एक मिनिट मोलाचे वाटते.

इमामबक्षची गोष्ट अजून संपलेली नाही. तो आपल्याला अगदीच परका नव्हे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानावर १९१२ साली पहिली कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. शाहू महाराजांनी त्या मैदानाच्या पाठीला पाठ लावून नाटकगृहही बांधले. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळाले, तेव्हा हळहळ नाटकवाल्यांना वाटली तशीच पैलवानांनाही. कुस्ती आणि नाटक यांच्यात एकच भिंत असते, हे महाराजांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

फाळणीनंतर गामा-इमामबक्षचे घराणे पाकिस्तानात स्थिरावले. इमामबक्षचा मुलगा अक्रम तिथला नामांकित पहिलवान झाला. जपानचा अँतोनिओ इनोकी हा स्वतःच्या कुस्ती कंपनीचा मालक. १९७६ च्या जूनमध्ये टोकिओत मुष्टियोद्धा महंमद अलीशी झालेल्या त्याच्या विचित्र लढतीने त्याचे नाव जगभर झाले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला तो कराचीच्या नॅशनल स्टेडियमवर अक्रमसमोर उभा राहिला. अक्रमचे तारुण्य तेव्हा ओसरले होते. लढत ठरवून खेळावयाची की खऱ्याने, याबद्दल दोन्ही पक्षांत मेळ नव्हता, अशी हकीकत इनोकीच्या बाजूने सांगितली जाते. व्हायचे तेच झाले. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचा हात पिरगाळून धरला, अक्रमने हार पत्करली नाही, आणि त्याचा खांदा निखळला. आपल्या माणसांसमोर, आपल्या मैदानावर.

या लढतीचे कौतुक करणारे जगात पुष्कळ आहेत. ‘अगदी खरी कुस्ती’ म्हणून ते तिच्याकडे बोट दाखवतात. मला तिच्यात कौतुक करण्याजोगे काही दिसत नाही. यजमानाने पाहुण्याशी नीट बोलणी केली नव्हती आणि पाहुण्याने यजमानाचे वय पाहिले नाही. दोन भाषा समोरासमोर आल्या, दुभाषी नव्हता, आणि अर्थाचा हिशेब एका माणसाच्या खांद्याने चुकता केला. कुस्ती खरी असूनही ती वाईट असू शकते.

परंतु इनोकी पुन्हा आला. १७ जून १९७९ रोजी लाहोरला त्याच्यासमोर अक्रमचा पुतण्या झुबेर ऊर्फ झारा उभा होता. पोरगा अजून विशीच्या आतला. घराण्याची अब्रू त्याच्या कोवळ्या खांद्यावर आणि काकाचा खांदा सर्वांच्या डोळ्यांसमोर. पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही. शेवटी इनोकीने स्वतः झाराचा हात वर उचलून धरला. आधी काही ठरले होते की नव्हते, मला त्याची पर्वा नाही. अडीच वर्षांपूर्वी ज्याने त्या घरातला एक हात निकामी केला, त्याने त्याच घरातला दुसरा हात उंचावला. पुढे, झारा वारल्यावर बऱ्याच वर्षांनी, त्याच्या पुतण्याला त्याने जपानात शिकावयास नेले. परक्या आखाड्यातल्या चार दिवसांचे नाते असे चाळीस वर्षे पुरले.

शेवटी पुन्हा झिबिस्कोकडेच येतो, कारण त्याची सर्वांत विलक्षण हजेरी कुस्तीच्या कंपनीत नव्हे, चित्रपटात लागली. १९५० साली ज्यूल्स डासिन यांचा ‘नाइट अँड द सिटी’ निघाला. सत्तरीच्या घरातला झिबिस्को त्यात ग्रेगोरियस नावाच्या वृद्ध मल्लाच्या भूमिकेत आहे. गाव लंडनच. मुलगा तिथल्या तमाशेवजा कुस्तीचा मालक आणि बापाला त्या कुस्तीची शिसारी. एका आडदांड मल्लाशी म्हाताऱ्याची अचानक जुंपते. तो जिंकतो आणि त्या श्रमाने मुलाच्या मिठीत प्राण सोडतो. चित्रपटात दोष आहेत. जुनी कुस्ती तेवढी पवित्र आणि नवी तेवढी भ्रष्ट, हा त्यातला हिशेब फार सोपा आहे, आणि झिबिस्कोचे स्वतःचे आयुष्यच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. पण ती झुंज पाहावी. निकाल कथालेखकाने ठरवलेला. तरी म्हातारा ज्या रीतीने पकड घेतो, वजन टाकतो, दम राखतो, ते शिकवून येणारे नाही. ज्या लंडनमध्ये तो अडीच तास उठला नव्हता, तिथल्याच गोष्टीत चाळीस वर्षांनी तो उभा राहून लढला.

तो सातवीतला मुलगा आता आठवीत आहे. परवा जिन्यात भेटला तेव्हा त्याला थांबवून म्हटले, “अरे, तुझे उत्तर राहिले आहे. निकाल ठरलेला होता का, एवढेच विचारू नकोस. ठरवले ते दोघांनी मिळून ठरवले होते का, आणि मग शब्द पाळला का, तेही विचार.” त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “सर, पण मी आता कुस्ती बघत नाही. क्रिकेट बघतो.”

म्हणून ते उत्तर इथे लिहून ठेवले आहे.