चेहऱ्यावरचा उजेड

आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही घरात पाऊल टाका. दर्शनी भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते आणि तिच्या खालोखाल घरच्या माणसांची छायाचित्रे : लग्नाचे, पोरांच्या पहिल्या कम्युनियनचे आणि निवर्तलेल्या वडीलधाऱ्यांचे. कवितासंग्रहांची, नाटकांची परीक्षणे आपण आवडीने वाचतो. मात्र ज्या चित्रापुढे घरची माणसे वर्षानुवर्षे मेणबत्ती लावतात, त्याचे परीक्षण करावे असे कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही ते कधी आले नव्हते. ते यावे असा प्रसंग आमच्या सातपूरच्या घरीच घडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वडील नगर जिल्ह्यातून येथे आले आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभे राहून त्यांनी उमेदीची सारी वर्षे काढली. तरुणपणी एकदा लोखंडाचा तापलेला कीस उडाला आणि उजव्या भुवईत त्याची कायमची खूण राहिली. ते गेल्यावर महिन्याच्या मिस्सेसाठी मोठे छायाचित्र हवे होते. एका लग्नातील समूहचित्रातून त्यांचा चेहरा वेगळा काढून देण्याचे काम आम्ही एका स्टुडिओकडे सोपविले. चार दिवसांनी चौकट घरी आली. चित्र भारदस्त होते, यात शंका नाही. मागे काळोख, अर्धा चेहरा उजळ, अर्धा छायेत. सिनेमाच्या जाहिरातीत शोभावे असे. आईने ते बराच वेळ न्याहाळले आणि एवढेच विचारले, “ह्यांची खूण कुठं गेली?”

खूण पुसली गेली होती. तिच्याबरोबर कपाळाच्या आठ्या आणि डोळ्यांखालच्या वळ्याही गेल्या होत्या. रंग दोन छटांनी उजळला होता. स्टुडिओतल्या तरुणाने हे सारे आदरानेच केले होते, त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. तथापि ते चित्र आमच्या वडिलांचे का वाटत नव्हते, हे समजून घेण्यासाठी आम्हाला पुष्कळ पाहावे आणि वाचावे लागले.

पहिला दोष तांत्रिक होता आणि तो डोळ्यांत सापडला. दिवा समोर असला की त्याचा पांढरा ठिपका बुबुळाच्या मध्याजवळ पडतो. दिवा बाजूला व उंचावर असला की ठिपकाही वर आणि बाजूला सरकतो. लग्नातले छायाचित्र कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने घेतलेले, म्हणून ठिपका मधोमध. छाया मात्र संगणकावर डाव्या गालावर रंगविलेली, जणू दिवा उजवीकडे होता. डोळे एक सांगत होते, गाल दुसरेच. सामान्य माणसाला ही विसंगती शब्दांत सांगता येत नाही, पण ती जाणवल्यावाचून राहत नाही. छायाचित्र घेताना जो उजेड चेहऱ्यावर पडलाच नाही, तो मागाहून निर्माण करता येत नाही. जो पडला त्याला कमीअधिक तेवढे करता येते.

खऱ्या नाट्यमय प्रकाशयोजनेला फारशी सामग्री लागत नाही. मुख्य दिवा एका बाजूस, डोळ्यांच्या पातळीहून वर, साधारण ४५ अंशांच्या कोनात ठेवतात. नाकाची छाया पलीकडच्या गालाच्या छायेला मिळाली की त्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या चित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून छायाचित्रकार त्याला त्याच्याच नावाने ओळखतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा जवळ आणला की छाया सौम्य होते, दूर नेला की गडद. दिवा लहान आणि उघडा असेल तर छायेची कड सुरीसारखी पडते. छत्रीतून किंवा पातळ पडद्यातून आलेला उजेड ती कड विरघळवतो. दिवेच नसतील तर एक खिडकी पुरते. सातपूरच्या चाळीवजा घरांत एकाच बाजूला खिडकी असते. राहणाऱ्याला ती गैरसोय वाटते, छायाचित्रकाराला ती देणगी आहे.

आमच्या दारावरून त्र्यंबकला जाणारा रस्ता ज्या गावी पोहोचतो, तेथे १८७० मध्ये दादासाहेब फाळके जन्मले. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. मुंबईत येशूच्या जीवनावरील मूकपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असेल. त्यांच्या ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटाच्या आरंभी त्यांची लहान मुलगी मंदाकिनी, जी पुढे कृष्ण झाली आहे, कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव दाखविते. आमच्या मते मराठी माणसाने घेतलेल्या व्यक्तिचित्रांत या काही क्षणांना मानाचे स्थान द्यावे. दिव्यांची चमत्कृती तेथे नाही. सारे नाट्य चेहऱ्यात आहे.

व्यक्तिचित्राला मराठी घरांत प्रतिष्ठा मिळवून दिली ती गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकलेला हा गृहस्थ जाहिरातसंस्थेतून छायाचित्रणाकडे वळला. १९९७ साली त्यांचे ‘फेसेस’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या रायपर्यंतच्या चित्रपटकलावंतांचे चेहरे त्यात आहेत. मराठीतले त्यांचे ‘चेहरे’ही अनेकांनी पाहिले असेल. त्यांचा उजेड मृदू, सर्वांगांनी येणारा. छाया असते, पण ती चेहऱ्याला आकार देण्यापुरती; भय घालण्यासाठी ती कधी येत नाही. समोरच्या माणसावर त्यांचे प्रेम आहे हे प्रत्येक चित्रातून कळते, आणि ही थोडी गोष्ट नव्हे. आमची तक्रार एवढीच की त्या उजेडात वय आणि कष्ट थोडे बाजूला सरतात. तारकांच्या बाबतीत ते क्षम्य आहे, कारण मोहकता हाच त्यांचा पेशा. परंतु त्यांच्या अनुकरणाची लाट गावोगावच्या स्टुडिओंत पोहोचली, तेव्हा त्यांची नजर मागे राहिली आणि गुळगुळीत कातडी तेवढी पुढे आली. लेथवरच्या कामगाराला नटाचा उजेड मिळाला.

याच्या अगदी उलट टोकाला रघू राय यांची मदर तेरेसांची कृष्णधवल छायाचित्रे ठेवावी. १९७० च्या सुमारापासून पुढे अनेक वर्षे ते मदरांची छायाचित्रे घेत राहिले. बहुतेक ठिकाणी उपलब्ध तोच उजेड. दाराचा, खिडकीचा, प्रार्थनागृहाचा. मदरांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांचे जाळे या उजेडात नांगरलेल्या शेतासारखे दिसते. त्या सुरकुत्या पुसल्या असत्या तर काय उरले असते? निळ्या काठाची साडी.

या विचारात असताना काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचे ‘संत थॉमसचा अविश्वास’ हे चित्र आम्ही पुन्हा काढून पाहिले. ते १६०१–०२ च्या सुमाराचे असून सध्या जर्मनीत पॉट्सडॅम येथे आहे. नाट्यमय प्रकाश हा शब्दप्रयोग ज्याच्यावाचून अपुरा, तो हा चित्रकार. पार्श्वभूमी नाही, फक्त काळोख आणि एकत्र आलेली चार डोकी. उजेड डावीकडून येतो, पण गंमत पाहा, पुनरुत्थित प्रभूच्या मुखावर तो भरभरून पडत नाही. ते बरेचसे छायेत आहे. उजेड पडतो तो शिष्यांच्या आठ्या पडलेल्या कपाळांवर, थॉमसच्या खांद्यावर उसवलेल्या शिवणीवर, आणि कुशीतल्या जखमेवर. ओळख पटते ती तिथे. हा चित्रकार आजच्या स्टुडिओत बसला असता, तर ती जखम त्याने बुजविली असती काय?

संपादनालाच आमचा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. ते संगणकाबरोबर आले असेही नाही. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये जॉर्ज हरेल याच्या मोठ्या निगेटिव्हांवर पेन्सिलीने काम करून तारकांचे डाग झाकले जात. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही तिरप्या काचेच्या मेजावर निगेटिव्ह ठेवून रिटचिंग करणारे कारागीर होते. अंधाऱ्या खोलीत छापताना हाताची किंवा पुठ्ठ्याची आड धरून चेहऱ्याचा भाग उजळ राखीत, आणि कडांना जादा उजेड देऊन त्या गडद करीत. संगणकावर आज हेच काम अधिक सोपे झाले आहे, आणि सोपेपणा हाच त्यातला धोका. पेन्सिलवाल्याला प्रत्येक रेघ पुसण्याआधी पाहावी लागे. आता एक कळ दाबली की सगळ्या रेघा एकदम जातात, कोणीही न पाहता. मुरूम आठवड्यात जाते, ते चित्रातूनही खुशाल जावे. व्रणाची गोष्ट निराळी. तो त्या माणसाने आयुष्यभर वागविलेला असतो.

आम्ही पुन्हा त्याच स्टुडिओत गेलो. तोवर आमच्या थोरल्या बहिणीला कपाटात एक जुनी निगेटिव्ह सापडली होती. वडील खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचीत आहेत आणि कोणीतरी हाक मारल्यामुळे मान वर केली आहे. उजेड एकाच बाजूने, भुवई उजेडात. तरुणाला आम्ही आमचे म्हणणे सांगितले. तो प्रथम हिरमुसला, मग ते निगेटिव्ह दिव्यासमोर धरून म्हणाला, “काका, ह्यात आम्हाला करायला काहीच नाही.” तरी त्याने थोडे केले. मागची भिंत जरा गडद केली, शर्टाच्या पांढऱ्या कॉलरवरचा उजेड उतरविला आणि बुरशीचे ठिपके काढले. डावा कान पूर्ण अंधारात गेला आहे. चष्म्याच्या काचेत खिडकीचे गज उमटले आहेत, तेही राहू दिले.

पहिले चित्र आईने टाकू दिले नाही. पैसे मोजले होते ना! ते कपाटावर पालथे आहे. दुसरे भिंतीवर लागले, आणि महिन्याची मिस्सा होऊन गेल्यानंतर एका संध्याकाळी ती स्टुलावर चढून त्याची काच पुसताना दिसली. पदराच्या टोकाने, भुवईपाशी जरा जपून.