परिशिष्टात राहिलेले एव्हरेस्ट

एव्हरेस्टवर प्रथम कोण पोहोचले, हा सामान्यज्ञानाच्या परीक्षेतला ठरलेला प्रश्न. उत्तरही ठरलेले : एडमंड हिलरी व तेनसिंग नोर्गे, २९ मे १९५३. उत्तर बरोबर आहे, पण ८,८४८ मीटर उंचीवर हे दोघे पोहोचले कसे, याविषयी ते काहीच सांगत नाही.

त्या मोहिमेचे नेते जॉन हंट यांचे ‘द असेंट ऑफ एव्हरेस्ट’ हे पुस्तक त्याच वर्षी निघाले. मोहिमेची अधिकृत हकिगत म्हणून ते आजही वाचले जाते. शिक्षकांनी ते जरूर वाचावे असे आम्हांला वाटते. मात्र वाचायला शेवटून, म्हणजे परिशिष्टांपासून सुरुवात करावी.

आधी पुस्तकाचे गुण. हंट हे लष्करी अधिकारी. चढाईकडे त्यांनी एक समस्या म्हणून पाहिले. उंची, हवामान आणि चढण्यातल्या प्रत्यक्ष अडचणी असे तिचे भाग पाडले व एकेकाचा विचार केला. आधीच्या मोहिमांचे ऋण ते मोकळेपणाने मान्य करतात. समस्या कशी मांडावी, हे शिकवायला ही प्रकरणे चांगली आहेत.

पण ज्या ज्ञानाने ही समस्या सुटली, ते कोठे आहे? शरीरक्रिया, ऑक्सिजन, आहार हे विषय आपल्याला भेटतात ते पुस्तकाच्या शेवटी, परिशिष्टांत. शरीरक्रियेवरील टिपणाच्या लेखकांपैकी एक आहेत ग्रिफिथ प्यू. १९५२ साली चो ओयू मोहिमेबरोबर जाऊन त्यांनी गिर्यारोहकांच्या शरीरावर होणारे उंचीचे परिणाम मोजले होते. किती ऑक्सिजन घ्यावा, किती पाणी प्यावे, विरळ हवेची सवय होण्यास किती वेळ द्यावा, हे १९५३ च्या मोहिमेने ठरवले ते या कामाच्या आधारावर.

यामागचे विज्ञान शाळेतल्या मुलांना समजण्यासारखे आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ एकतृतीयांश उरतो, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा ऑक्सिजनही तितकाच उरतो. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर जोरजोराने श्वास घेते. बाहेरची हवा थंड व कोरडी असते. ती फुप्फुसात ओलसर होते आणि उच्छ्वासाबरोबर शरीरातले पाणी बाहेर जाते. सभोवार बर्फ असूनही माणूस तहानेने खचतो, कारण बर्फ वितळवायला इंधन लागते. १९५२ च्या स्विस मोहिमेत तेनसिंग व रेमंड लँबर्ट यांच्याजवळ शेवटच्या रात्री बर्फ वितळवायला मेणबत्तीखेरीज काही नव्हते. ते सुमारे ८,६०० मीटरवरून परतले. त्यांच्या धैर्यात काही उणे नव्हते. उणे होते पाणी आणि चालताना नीट वापरता येईल असे ऑक्सिजनचे उपकरण.

हे इंधन, ऑक्सिजन आणि अन्न वर नेले कोणी? सुमारे साडेतीनशे भारवाहकांनी मोहिमेचे सामान पायथ्याकडे वाहिले. पुढची ओझी शेर्पांनी उचलली. सर्वांत वरच्या तळासाठी सामान नेणाऱ्यांत दा नामग्याल आणि आंग न्यीमा होते. हंट त्यांची नावे देतात, कौतुकही करतात. पण शिखराचे प्रकरण लिहिले आहे एकट्या हिलरींनी. तेनसिंगच्या नावाचे प्रकरण पुस्तकात नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते हे खरे. तरी दोन वर्षांनी त्यांनी आपली कथा जेम्स उलमन यांना सांगितली आणि तिचे पुस्तक झालेच. हिलरींनी एका चढावरच्या तेनसिंगना पाण्यातून ओढून काढलेल्या माशाची उपमा दिली होती. त्याबद्दलची नाराजी तेनसिंगनी या पुस्तकात व्यक्त केली आहे. आणि शिखरावर पहिले पाऊल हिलरींचे पडले, हेही त्यांनीच तेथे सांगून टाकले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, म्हणजे एकाच दोराला बांधलेल्या दोघांची हकिगतही किती वेगळी असते ते कळते.

अमेरिकेत हंट यांच्या पुस्तकाचे नाव ‘चढाई’चे ‘विजय’ झाले. आपणही किल्ला सर करतो तसे शिखर सर करतो. किल्ल्यात शत्रू असतो. शिखरावर कोण असते? शेर्पांसाठी चोमोलुंगमा पवित्र आहे. माथ्यावर तेनसिंगनी खाऊ पुरून ठेवला तो नैवेद्य म्हणून. विजयाची भाषा वापरली की झेंडा लागताच गोष्ट संपते, आणि मागे राहिलेल्या वस्तूंचा हिशेब कोणी विचारत नाही. दक्षिण शिखराजवळ दोघांनी रिकाम्या झालेल्या नळ्या टाकून दिल्या. तेव्हा ते कोणाला खटकले नाही. पुढे माणसे वाढली तसा कचरा साचत गेला. २०१४ साली प्रत्येक गिर्यारोहकाने स्वतःच्या कचऱ्याखेरीज आठ किलो कचरा खाली आणावा, असा नियम नेपाळला करावा लागला.

त्याच वर्षी १८ एप्रिलला खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार दगावले. इतरांच्या चढाईसाठी वर सामान पोहोचवणे हे त्यांचे काम होते. १९२२ साली एव्हरेस्टवर हिमलोटात गेलेले सातही जण भारवाहकच होते. मधल्या ब्याण्णव वर्षांत उपकरणे सुधारली, हवामानाचे अंदाज सुधारले. धोक्याची वाटणी मात्र फारशी बदलली नाही. हिलरींना याची काही जाणीव झाली असावी. १९६० नंतर त्यांनी शेर्पांच्या गावांत शाळा आणि दवाखाने उभारण्यात आयुष्य घालवले. आपल्या पाठांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हा धडा शिकवताना ‘कोण’ या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत : तेथे श्वास कसा घेतला? ओझे कोणी वाहिले? मागे काय राहिले? पहिल्याचे उत्तर विज्ञानाच्या तासाला मिळेल, दुसऱ्याचे इतिहासाच्या, तिसऱ्याचे पर्यावरणाच्या. परीक्षेत यांना गुण नसतील, तरी मुलांना एव्हरेस्ट कळेल ते यांतूनच.