'अधांतर'मधील धुरी कुटुंब : थांबलेला पगार आणि घरातले हसू

मराठी दूरचित्रवाणीने कुटुंबाचे चित्रण भरपूर केले. कामगाराच्या घरात मात्र ती क्वचितच शिरली. अल्फा मराठी वाहिनीवर २००१ ते २००४ या काळात गाजलेली, केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका हसू आणि कारुण्य यांच्या मिश्रणाचा उत्तम नमुना होय. दिलीप प्रभावळकर यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर ती आधारलेली होती. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका यांच्यात कुरबुरी होतात, रुसवेफुगवे होतात आणि बहुधा त्याच भागात ते मिटतातही. ते मिटू शकतात, कारण घर आणि दरमहाचा पगार या दोन गोष्टी तेथे पणाला लागलेल्या नसतात. हा त्या मालिकेचा दोष नव्हे. पण पगारच थांबला तर याच कुरबुरींचे काय होते, हा प्रश्न मराठीत दूरचित्रवाणीने नव्हे, रंगभूमीने विचारला. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

नाटकाची पार्श्वभूमी गिरणी संपाची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. स्वतः गिरणगावात वाढलेल्या पवारांनी संप रंगवला नाही. संपानंतर उरलेले घर रंगवले. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' या कादंबरीपासून मराठी साहित्यात कामगार आला तो गिरणीसह. 'अधांतर'मध्ये कामगाराचे कुटुंब आहे, पण त्याला अर्थ देणारी गिरणी थंडावलेली आहे. चाळीतल्या एका खोलीत आई, तीन मुलगे आणि मुलगी मंजू. बाबा लेखक होण्याच्या स्वप्नात, मोहन क्रिकेटच्या वेडात, तर नरू गुंडगिरीच्या वाटेवर.

या मांडणीकडे वरवर पाहिले तर 'बिघडलेली मुले आणि सोसणारी आई' असा परिचित साचा दिसतो. अनेक वाचने तेथेच थांबतात. वस्तुतः नाटकाचा रोख वेगळा आहे. मराठी घरात मोठ्या पुरुषाला 'कर्ता' म्हणतात. हा शब्द करण्यातून आलेला आहे. करण्यासारखे कामच उरले नाही, तरी कर्तेपणाचा हक्क मात्र घरात तसाच रेंगाळतो. धुरींच्या खोलीतील भांडणे या रिकाम्या हक्कावरून होतात. कोण कोणाला बोलू शकतो, कोणी कोणाचे ऐकावे, बसून कोणी खावे, याचे जुने हिशेब पगारावर उभे होते. पगार गेला आणि हिशेब उरले. म्हणून येथील कलहाचे मूळ स्वभावात शोधणे अपुरे ठरते. दैनंदिन मालिकांत घर मोडते ते एखाद्या कारस्थानी सुनेमुळे किंवा जावेमुळे. 'अधांतर'मध्ये अशी सोय नाही.

हसण्याचे प्रयोजनही येथेच आहे. ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याने सामन्यातील धावांची चिंता वाहावी, यात विनोद आहे. पण ज्या मुलाला स्वतःचा डाव खेळायला मिळाला नाही, त्याने दुसऱ्यांच्या डावाचा हिशेब ठेवावा, हे त्याच विनोदाचे दुसरे अंग. प्रेक्षक आधी हसतो आणि मग हसल्याचा त्याला संकोच वाटतो. या हास्यामुळे पात्रे दयेची धनी होत नाहीत. गरिबांविषयी लिहिताना मराठी लेखनाला दयेचा मोह फार होतो; पवार तो टाळतात. आईच्या बाबतीत तर हे विशेष जाणवते. संप गिरणीत झाला. चुलीला संप नाही. घरात बेकार नसलेली तीच एक, पण तिच्या कामाला काम म्हणण्याची रीत नाही.

याच नाटकावरून महेश मांजरेकर यांनी 'लालबाग परळ' (२०१०) हा चित्रपट केला. 'सिटी ऑफ गोल्ड' हे त्याचे हिंदी रूप. चित्रपटाने गिरणीमालकांचे घर आणि त्यांचे व्यवहारही पडद्यावर आणले. इतिहास समजण्यास त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. परंतु मालक समोर येताच दोष ठेवायला एक चेहरा मिळतो आणि टोळीची हिंसा डोळ्यांत भरते. नाटकात दोषाला चेहरा नसल्यामुळे माणसे एकमेकांवरच चिडतात. हा कोंडमारा एका खोलीतच संभवतो.

मराठवाड्यातील अध्यापनात या नाटकाला 'महानगरीय' या खणात टाकून देण्याची सवय आहे. ती तपासायला हवी. निजामी राजवटीत नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली, शहराचा एक भाग तिच्या पगारावर वाढला आणि पुढे ती मिल बंद पडली. लातूरच्या आडत बाजारातील हमालाच्या घरी पगार संपाने नव्हे, तर पाऊस चुकल्याने, आवक घटल्याने थांबतो. या दोन्ही घरांतील मुले महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली असतात. धुरींचे भांडण त्यांना समजावून सांगावे लागत नाही. फार तर गिरणगावातील काही शब्द सांगावे लागतात.

फरक आहे तो नरूच्या बाबतीत. मुंबईत बेकार तरुणाला टोळीची वाट होती. नांदेड-लातूरकडे टोळी नाही, पण पुढाऱ्याच्या जीपमागे फिरणे आहे, चौकातल्या फलकावर छायाचित्र आहे आणि निवडणुकीपुरता हातखर्च आहे. तेथे या तरुणाला नावही सन्मानाचे मिळते. घरात कर्ता होऊ न शकलेला मुलगा बाहेर 'कार्यकर्ता' होतो, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर भाकरी कोणाच्या कमाईची, हा धुरींच्या खोलीतला प्रश्न त्याच्याही ताटाजवळ बसलेला असतो.