आम्ही की आपण?

सरकारी पुस्तिकेवर दिवाळी अंकात टीकालेख लिहावा, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. फराळाच्या ताटाशेजारी कथा शोभते, कविता शोभते. परीक्षेचे गाईड कोण वाचतो? पण यंदा माझ्या भाचीने कॅनडाहून एक पातळसे पुस्तक पाठवले आणि मी ते दोन बैठकींत वाचून काढले. ‘डिस्कव्हर कॅनडा’ हे त्याचे नाव. २००९ साली तिथल्या सरकारने ते काढले. नागरिकत्व मागणाऱ्या १८ ते ५४ वर्षांच्या माणसाला याच पुस्तकावर परीक्षा द्यावी लागते : प्रश्न वीस, त्यांतले पंधरा बरोबर आले पाहिजेत. भाची उत्तीर्ण होऊन तिने शपथ घेतली, की आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे तिचे भारतीय नागरिकत्व संपते. एवढी किंमत मागणारे पुस्तक बारकाईने वाचणे मामाचे कर्तव्यच होते.

पुस्तक रूक्ष नाही, हे प्रथमच सांगतो. १९९५ पासून चालत आलेल्या आधीच्या पुस्तिकेपेक्षा यात इतिहासाला, सैनिकांना आणि राजमुकुटाला पुष्कळ अधिक जागा आहे. पण माझे मन अडकले ते ‘आम्ही कोण आहोत’ अशा अर्थाच्या प्रकरणात. अडकले म्हणजे अक्षरशः पहिल्याच शब्दात. इंग्रजीत ‘वी’ म्हटले की काम भागते. मराठीत मात्र आधी ठरवावे लागते : समोरच्याला वगळून ‘आम्ही’, की त्याला पंगतीत घेऊन ‘आपण’? लग्नघरी ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ यांत किती अंतर आहे, हे उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला विचारावे. गंमत अशी, की कॅनडाच्या मातीतल्या क्री आणि ओजिब्वे या भाषांतही हा भेद आहे. त्यांना या ‘वी’साठी दोन वेगळे शब्द लागतात. ज्या दोन भाषांत ही पुस्तिका निघाली, त्या इंग्रजी आणि फ्रेंच यांना तो भेद ठाऊक नाही. मग मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ‘वी’पुढे समासात ‘आ’ किंवा ‘आपण’ लिहीत गेलो.

देशाचे पाया घालणारे समाज तीन, असे पुस्तक सांगते : मूलनिवासी, फ्रेंच आणि ब्रिटिश. मूलनिवासींतही फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी असे तीन समूह. इथवर मांडणी उदार आहे. पान उलटले की मात्र भाषा दोनच उरतात. इंग्रजी बोलणारे १ कोटी ८० लाख, फ्रेंच बोलणारे ७० लाख, हा हिशेब व्यवस्थित दिला आहे. पाया घालणारे तीन आणि राज्यभाषा दोन, तर तिसऱ्याची वाचा कुठे गेली? २०२१ च्या जनगणनेत मूलनिवासींच्या सत्तरांहून अधिक भाषांची नोंद झाली आहे. त्यांतल्या कित्येकांचे बोलणारे आता मूठभर आहेत, आणि हे आपोआप घडलेले नाही.

ते कसे घडले, याचे उत्तर पुस्तकात आहे. पण ते मोजक्या वाक्यांत. सरकारने मूलनिवासींची मुले निवासी शाळांत घातली, तिथे त्यांच्या भाषांना बहुतांशी बंदी होती, काहींना मारहाण झाली आणि २००८ मध्ये सरकारने माफी मागितली. कबुली दिली, हे या पुस्तकाचे मोठेपण मी नाकारीत नाही. अशा पाठ्यपुस्तकात एवढेही सहसा सापडत नाही. पण या शाळा १९८० च्या दशकापर्यंत चालल्या असे ते म्हणते, आणि शेवटची शाळा बंद झाली १९९० च्या दशकात. दीड लाखाच्या आसपास मुले त्यांतून गेली. सत्यशोधन आयोगाच्या २०१५ च्या अहवालात तीन हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद आहे. पुस्तकात त्या मृत्यूंचा उल्लेख नाही.

आणि याच पुस्तकात नवागतांकडे वळून एक बोट उगारलेले आहे. बायकोला मारणे, घराण्याच्या अब्रूपायी मुलीचा जीव घेणे असल्या रानटी चाली आमच्या औदार्यात बसत नाहीत, असा तो इशारा. या गोष्टी गुन्हा आहेत, त्यांवर वाद नाही. माझे भांडण ‘रानटी’ या विशेषणाशी आहे. १८८३ मध्ये निवासी शाळांचे समर्थन करताना पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी मूलनिवासी आईबापांना संसदेत याच जातीचा शब्द लावला होता. तो शब्द ज्या घरात असा वापरला गेला, त्या घराने तो पाहुण्यासाठी पुन्हा काढू नये. तिथे समासात मी ‘आ’ लिहिला, जरा दाबूनच.

‘आपण’ही सापडले. जॉन बुकन हे नाव जुन्या रहस्यकथाप्रेमींना आठवेल. ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’चे लेखक. ते पुढे कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले. बाहेरून आलेल्या समाजांनी आपले वेगळेपण राखावे आणि त्यातूनच राष्ट्राच्या स्वभावात भर घालावी, हे त्यांचे मत पुस्तकाने मानाने दिले आहे. पुढे त्याच पदावर २०२१ मध्ये मेरी सायमन आल्या, त्या पदावरच्या पहिल्या मूलनिवासी. त्यांना इनुक्टिटुट येते, इंग्रजी येते. पण फ्रेंच येत नाही म्हणून तक्रारी झाल्या. लहानपणीच्या सरकारी शाळेत फ्रेंच शिकण्याची संधीच नव्हती, असे त्यांनी सांगितले. बाईंना दोन भाषा येत होत्या, तरी त्या द्विभाषिक ठरेनात! पुस्तकातला तीन आणि दोनांचा न जुळणारा हिशेब मला या एका प्रसंगात लख्ख दिसला.

२०१५ च्या आयोगाने नवागतांना दिली जाणारी ही माहिती आणि शपथ, दोन्ही बदलण्याची शिफारस केली होती. त्यांपैकी शपथ २०२१ मध्ये बदलली. मूलनिवासींचे हक्क मान्य करणारी राज्यघटनाही आपण पाळू, असे आता नवा नागरिक म्हणतो. म्हणजे भाचीने कधी न केलेल्या करारांचे देणे तिच्याही खात्यावर येते. मला ते योग्य वाटते. घरात वाटा घ्यायचा तर घरावरच्या कर्जाची वहीही मागून घ्यावी लागते, आणि ती वही मोजक्या वाक्यांत मावत नाही.

मी हे सारे तिला कळवले. परवा तिचा फोन आला. परीक्षेत वीसपैकी एकोणीस मिळाले होते. “मामा, आपल्याकडे यंदा दिवाळीतच बर्फ पडणार बहुतेक,” असे ती म्हणाली. ‘आपल्याकडे’ म्हणजे ब्रॅम्प्टनला, हे समजायला मला क्षणभर वेळ लागला.